अंगठा बधिर होतोय? चेंडूचे छिद्र तपासा

टेनपिन बोलिंगचा चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सुमारे सव्वासात किलोचा असतो. अंगठा, मधले बोट आणि अनामिका यांवर तो पेलून ६० फुटांवरच्या दहा पिना पाडायच्या असतात. त्यामुळे नियमित खेळणारे आयता चेंडू घेत नाहीत. हाताचे माप देऊन छिद्रे पाडून घेतात.

माप चुकले की त्रास सुरू होतो. अंगठ्याचे छिद्र बोटांच्या छिद्रांपासून फार लांब असेल, तर तळवा ताणला जातो. छिद्र सैल असेल, तर चेंडू निसटू नये म्हणून खेळाडू तो आवळून धरतो आणि मनगट व कोपराचे स्नायू दुखू लागतात. छिद्र घट्ट असेल, तर अंगठा वेळेवर सुटत नाही.

अंगठ्याच्या तर्जनीकडील बाजूला त्वचेखाली लगेच एक संवेदना-चेता असते. छिद्राची कड तिच्यावर पुन्हापुन्हा घासली, की तिच्याभोवती तंतुमय जाडी येते. अंगठ्याला मुंग्या येतात, तो बधिर होतो, बुडाशी दुखरी गाठ लागते. गाठीवर टिचकी मारली तर विजेसारखी कळ जाते. वैद्यकशास्त्रात याला ‘बोलर्स थम्ब’ म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते. पण दुर्लक्ष केल्यास बधिरपणा टिकून राहू शकतो.

उपचाराची सुरुवात चेंडूपासूनच होते. काही आठवडे खेळ बंद ठेवायचा, अंगठ्याला संरक्षक टोपण वापरायचे आणि छिद्र मोठे करून, कड गोलसर घासून, गरजेनुसार त्याचा कोन बदलून घ्यायचा. एवढ्याने भागले नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. खेळताना अंगठा कमीजास्त सुजतो, म्हणून अनुभवी खेळाडू छिद्रात टेप लावून किंवा काढून माप जुळवतात.

दुसरा बदल पृष्ठभागाचा. धावपट्टीच्या सुरुवातीच्या भागावर तेलाचा थर असतो. तिथे चेंडू घसरतो; पुढे कोरड्या भागात घर्षण मिळाले की वळतो. ५०० ग्रिटच्या खरखरीत पॅडने घासलेला चेंडू लवकर पकड घेतो, तर ४००० ग्रिटने गुळगुळीत केलेला उशिरा वळतो. चेंडू नीट वळला, तर मनगटाला जोराचा हिसका देऊन तो वळवावा लागत नाही. पॅड ओला करून घासल्यास धूळ उडत नाही.

मात्र रसायनांचे प्रयोग टाळावेत. अमेरिकेत १९७३ मध्ये डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने चेंडू द्रावकात भिजवून त्याचे कवच मऊ केले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे चेंडूच्या कठीणपणावर नियम आले. असे द्रावक ज्वालाग्राही असतात आणि त्यांच्या वाफेने डोळे, नाक चुरचुरते, गरगरते.

मॉलमध्ये हौसेने खेळणाऱ्यांनीही चेंडूचे वजन पाहून भागत नाही. अंगठा पूर्ण आत घालून फिरवून पाहावा. तो हलका स्पर्श होत सहज बाहेर आला पाहिजे. अडकत असेल, तर दुसरा चेंडू घ्यावा. खेळून दोन दिवस झाल्यावरही मुंग्या राहिल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना आपण बोलिंग खेळतो, हे सांगायला विसरू नये.