‘नाही’ म्हणायचा सराव

स्वमग्न मुलामुलींना माणसे कळत नाहीत, या समजाला डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली छेद दिला: न कळणे दुतर्फा असते. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट तोंडी पुढे सरकवली. फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत मात्र जास्त गळत गेली. म्हणजे उणीव एकट्या मुलात नाही. तरी वळण लावायचे ते त्यालाच: डोळ्यांत बघ, काकांना हात दे, मोठ्यांचे ऐक. धोका नेमका इथे आहे. वर्षानुवर्षे निमूट ऐकायला शिकलेली मुलगी पंधराव्या वर्षी नकोसा हात कसा झिडकारणार?

म्हणून या मुलांना लैंगिक शिक्षण द्यायला हवे. ‘नको ते डोक्यात कशाला भरवायचे?’ ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे, पण वयात येणे कुणाची परवानगी मागत नाही. शिवाय अवयवांची नावेच ठाऊक नसतील, तर तक्रार कोणत्या शब्दांत करायची? मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला बलात्कार २०१२चा पोक्सो कायदा अधिक गंभीर गुन्हा मानतो खरा. कायदा मात्र घडून गेल्यावर येतो; त्याआधी हवे ते नेमक्या शब्दांत शिकवणे. ‘नीट वाग’ हे मोघम (आणि खरे तर कुणालाच न कळणारे) सांगणे बिनकामाचे. ‘दोन मेसेजना उत्तर आले नाही, तर तिसरा पाठवायचा नाही’ हे कळते. समोरच्याचा नकार ओळखणेही असेच शिकवावे लागते.