उमरग्याच्या आभाळातला हायड्रोजन

हैदराबादहून सोलापूरला जाणारा महामार्ग उमरगा आणि नळदुर्गवरून जातो. साधारण याच दिशेने, पण तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरून, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून एक महाकाय फुगा सरकत असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या बलून केंद्रातून तो सुटतो. उड्डाणांचा हंगाम आला की संस्था वृत्तपत्रांतून सूचना देते. उपकरणे विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही उतरू शकतात, असे तिच्यात सांगितलेले असते. सावध करायच्या जिल्ह्यांत लातूर, सोलापूरबरोबर धाराशिवही येतो.

फुगा कसला, वर गेल्यावर त्याचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो. केसाहून पातळ पॉलिथिलीन आणि आत हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. हाच वायू भरून जर्मनीने पहिल्या महायुद्धात झेपेलिन ही हवाई जहाजे उडवली आणि लंडनवर बॉम्ब टाकले. बॉम्बफेकीच्या कथा बऱ्याच जणांनी ऐकलेल्या असतात. मला मात्र एल ५९ या झेपेलिनची रसदफेरी जास्त बोलकी वाटते.

जर्मन पूर्व आफ्रिकेत जनरल लेटो-फोरबेकचे सैन्य एकाकी लढत होते. त्याला रसद पोचवायला २१ नोव्हेंबर १९१७ रोजी एल ५९ बल्गेरियातल्या यांबोलहून निघाले. लांबी २२६ मीटर, पोटात ६८,५०० घनमीटर हायड्रोजन, सोबत दारूगोळा आणि औषधांसह सुमारे १५ टन माल. परत यायचेच नव्हते, कारण तिकडे हायड्रोजन मिळणार कुठून? म्हणून आवरणाच्या कापडाचे तंबू करायचे, आतल्या पायवाटांच्या चामड्याचे बूट शिवायचे, असा हिशेब आधीच मांडलेला होता.

शत्रूच्या तोफांआधी वाळवंटाच्या उन्हाने त्याला गाठले. दिवसा वायू तापून फुगला, तो झडपांतून सोडून द्यावा लागला. रात्री उरलेला वायू गार होऊन आकसला आणि जहाज खाली येऊ लागले. जमिनीपाशी एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो वजन पेलतो. तो आकसला की त्याने बाजूला सारलेली हवा कमी होते आणि तेवढी ताकद घटते. माल फेकून जहाज कसेबसे सावरले. खार्तूमच्या पश्चिमेला असताना बर्लिनहून परत फिरण्याचा बिनतारी संदेश आला. ९५ तासांत ६,७५७ किलोमीटर उडून, रसद कुणालाच न देता, ते यांबोलला परतले. पुढे एप्रिल १९१८ मध्ये माल्टाकडे जाताना इटलीच्या दक्षिणेला ते पेट घेऊन समुद्रात कोसळले.

त्याच आफ्रिकाफेरीच्या महिनाभर आधी, १९ ऑक्टोबरच्या रात्री, ११ झेपेलिन इंग्लंडवर गेली होती. विमाने आणि तोफांपासून वाचायला ती पाच-सहा हजार मीटरपर्यंत चढली. खाली वारा फारसा नव्हता, वर मात्र उत्तरेकडून वादळ घोंघावत होते. इंजिने त्यापुढे हतबल ठरली. काही जहाजे फ्रान्सवर भरकटली, एल ५० तर भूमध्य समुद्रावर दिसेनासे झाले. वरची हवा मोजायची साधने तेव्हा तोकडी होती, आणि सेनापतींना तिची फारशी पर्वाही नव्हती, असे माझे मत.

हैदराबादच्या फुग्याला इंजिनच नाही. त्यामुळे उड्डाणापूर्वी वरच्या वाऱ्याचा अंदाज घेण्यावाचून गत्यंतर नसते. जमिनीवर वारा शांत असतो तेव्हाच, बहुधा रात्री किंवा पहाटे, तो सोडतात. दहा-बारा किलोमीटरवर हिवाळ्यातला पश्चिमी वारा त्याला पूर्वेकडे ढकलतो; आणखी वर पूर्वेकडून वारा असला की तोच फुगा उलटून सोलापूरच्या दिशेने येतो. तीस किलोमीटरवर हवेची घनता जमिनीच्या साठ-सत्तराव्या हिश्श्याइतकीच. म्हणून सुटताना फुगा जवळजवळ रिकामा, लोंबता असतो आणि चढता चढता फुलतो. जास्तीचा वायू खालच्या नळीतून निघून जातो. रात्री एल ५९ सारखा हाही खाली येऊ लागतो. त्यासाठी लोखंडाचे बारीक छर्रे सोबत असतात, ते थोडे थोडे सोडायचे.

या फुग्यांनी मोठी कामे केली आहेत. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून गेलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात तपासणी झाली. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव मिळाले. ते जीव अंतराळातून आले की जमिनीवरून वर गेले, याचा निकाल त्या प्रयोगाने लागलेला नाही.

काम संपले की उपकरणांची पेटी फुग्यापासून सुटते आणि रंगीत पॅराशूटने खाली येते. मग ती ज्वारीच्या रानात उतरो की बाभळीत अडको. ती उघडू नये, हात लावू नये. काहींच्या आत उच्च दाबाची वीज असते. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवले तरी चालते. कळवणाऱ्याला संस्था बक्षीस आणि खर्च देते, पण पेटीशी छेडछाड झालेली नसेल तरच.