इंजिनाला भाता लावताना

लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच असतो, भट्टीही तीच असते. परंतु भाता चालू लागला की आच वाढते आणि लोखंड लवकर लाल होते. मोटारीच्या इंजिनालाही असाच भाता लावता येतो. त्याला सुपरचार्जर म्हणतात. लहान, चपळ, दोन आसनी गाडी बाळगणाऱ्या हौशी माणसाला कधी ना कधी ह्या भात्याचा मोह पडतोच. इंजिन बदलावे लागत नाही, एक यंत्र पट्ट्यावर बसवायचे आणि अश्वशक्ती वाढवून घ्यायची, असा सरळ हिशेब त्याला दिसतो. हा हिशेब कोठे चुकतो, वाढलेल्या ताकदीचा भार इंजिनाच्या कोणत्या भागावर पडतो आणि तो भाग मोडला म्हणजे त्याची किंमत कोणी भरायची, एवढे तीन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

प्रथम तत्त्व पाहू. पेट्रोल एकटे जळत नाही. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल, परंतु हवा आत घेण्याला मर्यादा असते. पिस्टन खाली सरकतो तेव्हा सिलिंडरमध्ये जेवढी हवा बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने शिरेल तेवढीच शिरते. सुपरचार्जर ही मर्यादा ओलांडतो. इंजिनाच्याच क्रँकवरून पट्ट्याने फिरणारा हा पंखा हवा आत रेटतो. हवा जास्त आली की पेट्रोल जास्त देता येते आणि दट्ट्यावर जोर जास्त पडतो. धुराड्यातून जाणाऱ्या वायूच्या जोरावर हेच काम करणाऱ्या यंत्रास टर्बो म्हणतात. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या फुंकणी-यंत्राचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हते. कारखान्यातील भट्ट्यांना वारा देण्यासाठी त्याचा उपयोग झाला. तेव्हा भात्याची उपमा केवळ अलंकार नव्हे. हे यंत्र भात्याच्याच घराण्यातले आहे.

आता एक गाडी डोळ्यांसमोर धरू. 'सॅन स्टॉर्म' ही आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेली दोन आसनी लहान स्पोर्ट्‌स मोटार. अंग फायबरचे, इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. कारखान्याने तिला सुपरचार्जर दिलेला नव्हता. समजा, तो आपण बसवला आणि वातावरणाच्या दाबावर आणखी अर्धा दाब चढवला. हवा दीडपट झाली, म्हणजे साठाची नव्वद अश्वशक्ती झाली, असे विकणारा सांगेल.

परंतु सायकलला हवा भरणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते की पंप गरम होतो. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते. आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यातला मे महिना घ्या. बाहेर ४४ अंश तापमान आहे. साध्या सुपरचार्जरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर दीडपट दाबलेली हवा सुमारे ६५ अंशांनी तापते, म्हणजे ती १०९ अंशांवर, उकळत्या पाण्याहून गरम होऊन इंजिनात शिरते. ह्या तापाचा हिशेब केला म्हणजे आत गेलेली हवा दीडपट नसते. ती सव्वापटच असते. शिवाय भाता फिरवायला पाच-सहा अश्वशक्ती इंजिनातूनच जाते. नव्वदीच्या ठिकाणी हाती सत्तरच्या आसपास उरतात. मधल्या वाटेवर हवा थंड करणारा इंटरकूलर बसवून ती ६५ अंशांवर आणली तर प्रमाण चाळीस टक्के वाढीपर्यंत पोहोचते. म्हणून आपल्या प्रदेशात इंटरकूलरवाचून सुपरचार्जर बसवणे म्हणजे लाभ निम्मा आणि जोखीम पूर्ण पदरात घेणे होय.

जोखीम पूर्ण का, हे नीट समजून घेतले पाहिजे. विषयाचे मर्म येथेच आहे. सिलिंडरमध्ये आल्यावर ही हवा पिस्टन पुन्हा नऊ-दहा पट दाबतो. प्रवेशाच्या वेळचा ६५ अंशांचा जादा ताप ठिणगी पडण्याच्या क्षणी सुमारे दुप्पट, म्हणजे सव्वाशे अंशांच्या घरात जातो, आणि दाबही दीडपट असतो. पेट्रोल-हवेच्या मिश्रणाने ठिणगीची वाट पाहावी आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने सरकावी, अशी इंजिनाची रचना असते. ताप आणि दाब मर्यादेबाहेर गेले की ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. ह्यालाच गॅरेजात नॉकिंग म्हणतात. बाहेरून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आत पिस्टनवर हातोडीचे घाव बसत असतात.

ह्या घावांनी प्रथम काय मोडते? पिस्टनच्या कडेला रिंगा बसण्यासाठी खाचा असतात. दोन खाचांमधली ॲल्युमिनियमची पातळ कड प्रथम तुटते. मग दाब खाली गळतो, तेल वर चढते, निळा धूर येतो. दुसरा बळी हेड गॅस्केट. तिसरे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे. घावाने त्यांच्यामधला तेलाचा पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू घासतो. नॉकिंग फार वेळ चालले तर पिस्टनच्या डोक्याला भोकही पडते. साधे नॉकिंग चालकाला ऐकू येते. सुसाट वेगात, वाऱ्याच्या आणि भात्याच्या आवाजात, ते ऐकू येत नाही. धोका सर्वांत मोठा असतो त्याच वेळी कान निरुपयोगी ठरतात.

नॉकिंग टाळण्याचे पहिले साधन पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितके पेट्रोल आपोआप भडकण्यास नाखूश. १०० ऑक्टेनचे पेट्रोल २०२० सालापासून देशातील निवडक पंपांवर मिळू लागले. त्यावर बेतून कोणी इंजिन जुळवून घेतले आणि प्रवासात टाकी रिकामी झाल्यावर समोरच्या पंपावरचे साधे पेट्रोल भरले, तर जुळवणीच उलटते. इथेनॉलचे दोन गुण निराळे आहेत. ते नॉकिंगला विरोध करते, हे खरे. पण त्याला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेला द्रव जास्त द्यावा लागतो. वीस टक्के इथेनॉल मिसळले की १४.७ चे प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. जुन्या गाडीचा पंप आणि इंजेक्टर आधीच मूळच्या ६० अश्वशक्तीपुरते. त्यांच्याकडून भात्याची जादा मागणी आणि इथेनॉलची जादा मागणी अशा दोन्ही पुरवून घ्यायच्या म्हणजे ते अपुरे पडण्याचा संभव. इंधन अपुरे पडले की मिश्रण कोरडे होते, ताप वाढतो, आणि पुन्हा नॉकिंगशी गाठ पडते.

दुसरे साधन म्हणजे ठिणगी उशिरा पाडणे. त्याने नॉकिंग शमते. परंतु जळण उशिरा संपल्यामुळे धुराड्याचा वायू अधिक तापतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. एका भागावरचा ताण उतरवला की तो दुसऱ्यावर चढतो. पाव हिस्सा इंधन जास्त जळले तर रेडिएटरला आणि तेलालाही जवळपास तेवढीच जास्त उष्णता वाहून न्यावी लागते. ती वाहण्याची ताकद रेडिएटरच्या अंगी जानेवारीत असेल. मे महिन्यात ती असेलच असे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भात्यामुळे कनेक्टिंग रॉड तुटतो, असे सरसकट म्हटले जाते. रॉडला तोडणारा ओढ-ताण मुख्यत्वे फेऱ्यांमुळे येतो. पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलट फिरतो तेव्हा त्याचे वजन रॉडला ओढते, आणि फेऱ्या दुप्पट केल्या तर हा ताण चौपट होतो. वायूचा दाब रॉडला ओढत नाही, दाबतो. म्हणून दाब माफक ठेवून फेऱ्यांची मूळ मर्यादा पाळली तर रॉड बहुधा टिकतो. भाता लावल्यानंतर त्याच उत्साहात फेऱ्यांची मर्यादाही वाढवणारा मनुष्य मात्र इंजिनाला दोन्ही बाजूंनी मारतो. शेवटी क्लच आणि गिअरबॉक्स. त्यांचे दाते जुन्याच जोरासाठी कापलेले असतात.

इतिहासाची साक्ष पाहू. इंग्लंडात ४½ लिटर बेंटले गाडीला टिम बर्किन ह्या शर्यतपटूने भाता लावविला. गाडीचा जनक डब्ल्यू. ओ. बेंटले ह्याचा त्याला विरोध होता. इंजिन मोठे करून ताकद वाढवावी, असे त्याचे मत होते. १९३० च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत भात्याच्या दोन्ही बेंटले मध्येच बाद झाल्या, आणि विजय मिळाला तो भाता नसलेल्या, मोठ्या इंजिनाच्या बेंटलेला. पण एवढ्यावरून भाताच वाईट असे ठरत नाही. १९३३ साली एम. जी. कंपनीची के३ ही १०८७ घन सेंटिमीटरची चिमुकली गाडी भाता लावूनच इटलीतील मिल्ले मिल्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिली आली, आणि त्याच वर्षी नुव्होलारीने तिच्यावर अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. के३ शर्यतीसाठी, भाता गृहीत धरूनच बांधलेली होती. बेंटलेला तो मागाहून आला.

हाच धडा पुढील कारखान्यांनी गिरवला. २००१ नंतरच्या मिनी कूपरचे १.६ लिटरचे इंजिन साध्या रूपात मिश्रण १०.६ पट दाबत असे. त्याच इंजिनाला सुपरचार्जर लावून 'कूपर एस' बनवताना कारखान्याने हे प्रमाण ८.३ वर उतरवले आणि बॉनेटखाली इंटरकूलर बसवला. मगच ११५ च्या जागी १६३ अश्वशक्ती घेतली. आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात फियाटचे १.४ लिटरचे टर्बो इंजिन लिनिया गाडीत ११४ अश्वशक्तीवर चाले, आणि २०१५ च्या अबार्थ पुंटोत १४५ वर. इंजिन मुळातच दाबासाठी घडवलेले असल्याने हे जमले. आणि कारखान्यालाही नेहमी जमतेच असे नाही. फोक्सवॅगनने १.४ लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर आणि टर्बो असे दोन्ही लावले. त्या इंजिनाला बक्षिसे मिळाली, तरी त्याच्या काही आवृत्त्यांत तेल खाण्याच्या आणि पिस्टन तुटण्याच्या तक्रारी युरोपात गाजल्या.

नशिराबादवरून दिवसरात्र जाणाऱ्या ट्रकांना टर्बो असतोच, मग लहान मोटारीलाच भीती का, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येईल. डिझेल इंजिन नुसती हवा दाबते; इंधन अगदी शेवटी फवारले जाते. भडकण्यासारखे मिश्रण आधी नसतेच, म्हणून पेट्रोलसारखे नॉकिंग तेथे होत नाही. शिवाय ट्रकच्या इंजिनाचे ओतकाम जाड आणि फेऱ्या कमी. ट्रकवरून पेट्रोल गाडीचा अंदाज बांधणे म्हणजे बैलावरून घोड्याचा अंदाज बांधणे आहे.

तरीही ज्याला भाता लावायचाच आहे त्याने निदान पुढील क्रम पाळावा. आधी चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एक जरी कमी भरला तर काम तेथेच थांबवावे, कारण भाता आजारी इंजिनाला औषध नव्हे. जादा दाब वातावरणाच्या एकतृतीयांशाच्या आत ठेवावा. इंटरकूलर, मोठा इंधनपंप आणि मोठे इंजेक्टर ही चैन समजू नये. मिश्रण मोजणारे यंत्र बसवून, उन्हाळ्याच्या दुपारी, मिळणाऱ्या पेट्रोलांपैकी सर्वांत हलक्या पेट्रोलावर जुळवणी करावी. फेऱ्यांची मर्यादा वाढवू नये. तेल लवकर बदलावे. आणि कायदा पाहावा: मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मना आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून असे प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर नव्हेत, बंदिस्त धावपट्टीवरच शोभतात.

आता तिसरा प्रश्न, किंमत कोणी भरायची. कामगारांत वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. गाडीचा धनी म्हणतो, "आणखी दाब वाढव." गॅरेजचा मालक गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून होकार देतो. पाना मात्र अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातात असतो. महिन्याभराने पिस्टनची कड तुटते आणि त्या पोराच्या पगारातून पैसे कापले जातात. वर पाहिलेच आहे की ही कड हाताच्या चुकीने तुटत नाही. भट्टी न बदलता भाता मोठा करण्याच्या निर्णयाने तुटते, आणि तो निर्णय त्याने घेतलेला नसतो. कामगाराच्या स्वतःच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीखेरीज, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून, नुकसानभरपाई पगारातून कापता येत नाही, हे तत्त्व १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. परंतु कायदा सिद्ध करायला कागद लागतो.

म्हणून गॅरेजात काम करणाऱ्या प्रत्येकाने एक सवय लावून घ्यावी. बॉनेट उघडण्यापूर्वी चार आकडे कामाच्या चिठ्ठीवर लिहावेत: चारही सिलिंडरांचा मोजलेला दाब, ठरवलेला जादा दाब, कोणत्या ऑक्टेनवर जुळवणी केली तो आकडा, आणि फेऱ्यांची मर्यादा. खाली गाडीच्या धन्याची सही घ्यावी. ज्याला सही करायची भीती वाटेल, त्याला आपल्या इंजिनाची खरी ताकद त्या क्षणी कळलेली असेल, आणि कदाचित एक चांगले इंजिन वाचेलही. जो सही करील, त्याने जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली, एवढे तरी नोंदलेले राहील.