पॉलीनला संकटात टाकणारा लेखक

‘नेक्स्ट एपिसोड’ दाबायची आपल्याला सवय झालीय. १९१४ मध्ये अमेरिकेतले प्रेक्षक त्यासाठी पंधरा-पंधरा दिवस थांबायचे. पाथे कंपनीची मूकपट मालिका, ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’, २० भाग. मूळ कथा चार्ल्स गोडार्डची, आणि पटकथेत त्याच्या जोडीला जॉर्ज बी. सीट्झ.

कथेचं इंजिन बघा. पॉलीनला लग्नाआधी साहसं करायचीत. तिच्या वारशावर डोळा असलेला माणूस तिच्याच घरात, विश्वासू म्हणून वावरतोय. बस! तिला बलूनमध्ये बसवा, नाहीतर आणखी कुठे पाठवा. तो घातपात करणार, ती वाचणार. माझ्या भाषेत हा चक्क लूप आहे, फक्त इनपुट बदलायचं. आणि गंमत म्हणजे क्लिफहँगर इथे फारसा नाहीच, बहुतेक भाग त्या-त्या वेळीच संपतात. शिवाय हर्स्टच्या पेपरांत गोष्ट छापूनही यायची.

सीट्झ पुढे दिग्दर्शक झाला, स्वतःच्या मालिकांत हिरोही झाला (हौस दांडगी!), शेवटी एमजीएममध्ये अँडी हार्डीचे सिनेमे केले. १९४४ मध्ये गेला.

पण त्याची पॉलीन? ते २० भाग मूळ रूपात उरलेच नाहीत. उरली ती फ्रान्समधली ९ भागांची काटछाट केलेली आवृत्ती. तिच्या इंग्रजी पाट्या फ्रेंचमधून परत उलथवलेल्या. एका पाटीत तर एक अक्षर गळून ‘अमर’ शक्तीची ‘अनैतिक’ शक्ती झालीय! तेव्हा बघाल तर हाणामारी बघा, पाट्यांवरून सीट्झला मार्क देऊ नका.