घरशाळेची सहल आणि बाकावरचा शेजारी

मुंबईत भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. शहरातली मुले शाळेत असतात अशा एखाद्या मंगळवारी तिथे आठ-दहा मुलांचा घोळका दिसू शकतो. गणवेश नाही, रांग नाही. कुणी सात वर्षांचे, कुणी तेरा. सोबत तीन-चार आया, एखाद्याचे वडील, एखादी आजी. पाहणाऱ्याला वाटते, ही मंडळी शाळा बुडवून आली. पण यांची शाळाच ही असते. शाळेत नाव न घालता मुलांना घरीच शिकवणारी जी कुटुंबे मोठ्या शहरांत दिसू लागली आहेत, त्यांची ही सहल.

घरशाळा म्हणजे शिक्षणाला सुट्टी नव्हे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. घरी शिकवण्याविषयी या कायद्यात स्वतंत्र कलम नाही, म्हणून पालकांच्या मनात थोडी धाकधूक असते. पुढे दहावी-बारावीसाठी बरीच मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या परीक्षेला बसतात. गणित, भाषा, विज्ञान घरी शिकवता येते. पुस्तके मिळतात, शिकवणीही लावता येते. मग अडते कुठे?

अडते ते बाकावर. शाळेत मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे आईवडील ठरवत नाहीत. वर्गशिक्षक ठरवतात, कधी उंची ठरवते, कधी नुसता योगायोग. डॉक्टरांच्या मुलाशेजारी रिक्षावाल्याची मुलगी बसते, जोश्यांच्या मुलाशेजारी शेखांचा. डबा उघडला की एकमेकांचे घर कळते. न मागता मिळालेला हा शेजारी ही शाळेची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला नेमकी तीच मिळत नाही. घरात येणारी माणसे बहुधा आपल्यासारखीच असतात. म्हणून घरशाळेच्या सहलीवर दुप्पट जबाबदारी येते. ठिकाण दाखवायचे ते असतेच, शिवाय हा शेजारीही तिलाच मिळवून द्यायचा असतो.

मुंबईसारखे शहर दोन्ही कामांना पुरून उरते. भायखळ्याचेच पाहा. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी ज्या मार्गावरून धावली, त्याच मार्गावर हे स्थानक आहे. संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले. जुन्या मुंबईतले कारागीर, व्यापारी, त्यांची पागोटी, त्यांचे पोशाख हे सारे तिथे मातीच्या छोट्या प्रतिकृतींत पाहायला मिळते. ज्यांचे नाव त्याला 1975 साली दिले गेले, ते डॉ. भाऊ दाजी डॉक्टर होते आणि प्राचीन शिलालेख वाचणारे विद्वानही होते. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. तिथून बाहेर पडून तासभर पायी फिरले, तर खडा पारशी भेटतो, ग्लोरिया चर्च दिसते, डेव्हिड ससून यांनी बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग दिसते आणि नागपाडा-मदनपुऱ्याकडे वळले की मशिदींचे मिनार. चार धर्मांची माणसे एका परिसरात नांदली, हे मुलाला सांगावे लागत नाही. पाय दुखेपर्यंत चालून ते त्याला स्वतःलाच कळते.

दुसरे ठिकाण कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांचे काम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झाले आणि पुढे कित्येक शतके चालू राहिले. नुसते चढून-उतरून आले तर दमणूक होते, शिक्षण नाही. जाणती आई आदल्या दिवशी एकच प्रश्न देते: ‘एवढ्या उंचावर भिक्षूंना पाणी कुठून मिळत असेल?’ मग मूल लेण्यांपाशी खोदलेली टाकी शोधते, पावसाचे पाणी आणणाऱ्या पन्हळी शोधते. भिंतीवरच्या लेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत. त्यातला एखादा गाव लोकलच्या नकाशावर सापडला की इतिहास एकदम जवळ येतो. एका लेण्यात तर इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. बौद्धांच्या लेण्यात इराणी परंपरेतल्या माणसांची नावे! मुलांच्या प्रश्नांना इथून जी सुरुवात होते, ती घरी पोचेपर्यंत थांबत नाही.

फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय हे असेच एक ठिकाण. तिथे जाण्याआधी घरी एक सोपा अभ्यास देता येतो. दहाची नोट हातात घ्यायची आणि तिच्यावर किती भाषा आहेत ते मोजायचे. हिंदी आणि इंग्रजी धरून सतरा भरतात. त्यांत मराठी आहे, उर्दू आहे, कोकणी आणि तमिळही आहे. मग जुन्या नाण्यांकडे वळायचे. पेशवाईच्या काळातल्या अनेक रुपयांवर मोगल बादशहाचे नाव फारसीत असे. कंपनी सरकारनेही 1835 पर्यंत तीच रीत चालवली. नाणे कुणाचे, नाव कुणाचे आणि लिपी कुठली, या तीन प्रश्नांत अठराव्या शतकाचे अर्धे राजकारण येऊन जाते.

शिक्षण चार भिंतींबाहेर नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. पण तिथली मुले गरिबीमुळे शाळेबाहेर होती. घरशाळेतली मुले आईवडिलांच्या निवडीमुळे शाळेबाहेर असतात. ही निवड स्वस्त नाही. घरातल्या एका माणसाला नोकरी सोडावी लागते किंवा कमी करावी लागते. ज्या घरात दोघांच्या कमाईशिवाय चूल पेटत नाही, त्याला हा मार्ग जवळजवळ बंद असतो. म्हणून असे गट नकळत एकाच थरातल्या, एकाच इमारतीतल्या, कधी एकाच जमातीतल्या कुटुंबांचे होतात. मग शहर कितीही पाहिले, तरी मूल आपल्याच अंगणात फिरून येते.

यावर उपाय साधा आहे. गट जुळवतानाच वेगवेगळ्या वस्तीतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी घरे घ्यावीत. रविवारच्या सहलीत शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी दोन जागा राखाव्यात. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला, वॉचमनकाकांच्या मुलाला सोबत न्यावे. रमजानमध्ये एखादे मूल रोजा ठेवून आले असेल, तर कान्हेरीचा चढ ईदनंतर ठेवून सावलीतले संग्रहालय निवडावे. जैन घरातला डबा असेल तर कांदा-बटाटा कुणाच्या पोळीत आहे, हे विचारूनच वाटून खावे. अशा छोट्या तडजोडींतून मुले जे शिकतात, ते कुठल्याही फलकावर लिहिलेले नसते.

थोडी व्यवहाराची तयारीही हवी. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, कान्हेरी सोमवारी. विद्यार्थ्यांच्या गटाची सवलत साधारणपणे शाळेच्या पत्रावर मिळते आणि घरशाळेकडे असे पत्र नसते. तेव्हा आधीच फोन करून विचारलेले बरे. सहा-सात वर्षांच्या मुलांना दोन तास पुरतात. एका फेरीत एकच ठिकाण आणि एकच मोठा प्रश्न ठेवावा. परत आल्यावर निबंधाची सक्ती नको. त्याऐवजी मुलाने दुसऱ्या दिवशी आजीला, दादीला किंवा शेजारच्या काकूंना पाहिलेले सांगावे. सांगताना कुठे अडखळले, तिथून पुढच्या आठवड्याचा अभ्यास सुरू करता येतो.

घरी शिकवावे की शाळेत पाठवावे, याचे उत्तर प्रत्येक घराचे वेगळे असेल. पण मुलाला ज्या गावात वाढायचे आहे, तिथली वेगळी माणसे त्याला लहानपणीच भेटायला हवीत, हे दोन्ही घरांना सारखेच लागू आहे. शाळेत जाणारी मुलेही एकाच संस्थेत, एकाच व्हॅनमधून, एकाच वस्तीत परतत असतील, तर त्यांच्या बाकावरचा शेजारीही हरवलेलाच असतो. येत्या सुट्टीत अशी एक सहल आखताना, कुठे जायचे याआधी कुणाला सोबत न्यायचे, एवढे ठरवले तरी सुरुवात झाली.