स्टेअरिंग हाती दिले, पण शिकवले कोणी?

मालेगाव-मेहकर रस्त्यावर केनवडहून (ता. रिसोड) रात्रंदिवस मालट्रक धावतात. उस्तादाशेजारी क्लीनर म्हणून बसलेला पोरगा बहुधा भूमिहीनाच्या घरचा असतो. काच पुसता पुसता, टायर बदलता बदलता तो ड्रायव्हर होतो.

हीच आमच्या पोरांची ड्रायव्हिंग स्कूल! तिचा तास भरतो मध्यरात्री, उस्तादाला झोप अनावर झाल्यावर. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरमध्ये उतरवावी, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात, हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रक चालवायला वय २० आणि हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जुने हवे. आठवी पासची अट २०१९ साली रद्द झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत जड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचे शिक्षण ठरवले. पण सहा आठवडे मजुरी बुडवून चूल कशी पेटणार?

कारखाना कामगारांचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक बाबासाहेबांनी १९४६ साली मांडले. मोटार कामगारांसाठी ८ तासांचा कायदा १९६१ साली झाला. तो ट्रकच्या केबिनमध्ये कधी चढलाच नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे. क्लीनरची शिकाऊ म्हणून नोंद करा, शिकताना विद्यावेतन द्या, तालुक्याला केंद्र द्या. अपघातानंतर मालकाला विमा मिळतो. कोठडीत मात्र हा पोरगाच जातो. त्याला आधी शिकवा, मग जाब विचारा.