न दिसणारे गोंदण

आजीच्या हातावरचे गोंदण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मनगटाजवळ तुळस, कपाळावर चांदणी, कोपराखाली एखादे नाव. काजळी आणि सुई, एवढेच त्याचे साहित्य. "मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच," असे जुन्या बायका सांगत.

आज त्यांचीच नातवंडे निराळ्या गोंदणाची चौकशी करू लागली आहेत. "दिवसा दिसत नाही, फक्त जांभळ्या दिव्याखाली चमकतं. घरी कळणार नाही, नोकरीतही अडचण नाही!" हा मोह तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला पडला असेल, तर पाच मिनिटे थांबा. आपण मिळून थोडा विचार करू.

आधी हे चमकणे म्हणजे काय ते पाहू. बँकेत रोखपाल जांभळ्या दिव्याखाली नोट धरतो, तेव्हा तिच्यावरचा क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू एकदम उजळतात. तीच ही गंमत. त्या दिव्यातून अतिनील किरण निघतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण काही द्रव्ये ते शोषून घेतात आणि त्यांतली शक्ती दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने लगेच परत टाकतात. कोयनेलाच्या पाण्यातही हा गुण आहे. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली त्याचा उलगडा केला. या गुणाला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. काजव्यासारखा स्वतःचा उजेड या शाईला नाही. दिवा विझला की तीही विझते. तेव्हा असा दिवा आयुष्यात किती तास तुमच्या अंगावर पडणार आहे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बरे, दिवसा ते खरोखरच दिसत नाही का? सुई टोचली म्हणजे जखम ही आलीच. पहिले काही आठवडे तांबूस रेषा दिसतात. ती भरल्यावरही कोणाच्या अंगावर फिकट वण राहतो, तर कोणाची रेषा किंचित उंच राहते. तिरपा उजेड पडला की आकृती चक्क वाचता येते. चमकणाऱ्या शायांपैकी ज्या रंगीत असतात, त्या तर दिवसाही दिसतात. जखमेवर जाड, वाढत जाणारा वण उठण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती सावळ्या लोकांत अधिक आढळते. ती ज्यांना आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. दुसरे असे की, शाई त्वचेच्या वरच्या थराखाली असते आणि सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य अतिनील किरण वाटेतच अडवते. म्हणून जाहिरातीतल्या गोऱ्या दंडावरची चमक आपल्या दंडावर येईलच, असे नाही. सैन्यभरतीत अंगावर कुठे गोंदण चालते याचे नियम आहेत. तिथे 'लपून जाईल' या भरवशावर राहू नका.

आता शरीराच्या बाजूने पाहू. शाई आत गेली की शरीरातल्या भक्षक पेशी ती परकी म्हणून गिळतात आणि तशाच धरून बसतात. गोंदण टिकते ते यामुळे. काही कण लसीकाग्रंथींपर्यंतही पोहोचतात. म्हणून बाटलीत काय आहे, याला महत्त्व. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगाला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधने घातली. काहींना शाईची ॲलर्जी होते, खाज सुटते, गाठी येतात. हे दुसऱ्याच दिवशी होते असे नाही. काही महिन्यांनी, काही वर्षांनीही होते. तेव्हा एक ठिपका टोचून पाहिला आणि काही झाले नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. आणि सुई नवी नसेल, तर ब आणि क प्रकारची काविळ किंवा एचआयव्ही पसरण्याचे भय आहेच.

पण खरी मेख पुढेच आहे. ही चमक कायमची नाही. ज्या अतिनील किरणांनी शाई उजळते, तेच किरण उन्हातही असतात आणि हळूहळू तिचे रंजक मोडतात. चमक मंदावते. वण मात्र राहतो, क्वचित पिवळट डागही. म्हणजे ज्याच्यासाठी गोंदले ते जाते, आणि जे लपवायचे होते ते उरते! "मग लेझरने काढू," असे कोणी म्हणेल. पण लेझरचा प्रकाश शोषून घेणारा गडद रंग असला, तर तो उपाय चालतो. जवळजवळ बिनरंगी शाईवर त्याचा जोर फारसा चालत नाही.

मग करायचे काय? हौस नाचाच्या एका रात्रीपुरती असेल, तर जांभळ्या दिव्याखाली चमकणारे, अंगाला लावायचे रंग मिळतात. सकाळी धुऊन टाका. तरीही मन मागे घेत नसेल, तर वर्षभर थांबा. नंतर गोंदणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. शाईच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव, घटक आणि मुदत आहे का? सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढाल का? आणि तुम्हीच चार-पाच वर्षांपूर्वी केलेले असे गोंदण मला दिव्याखाली नव्हे, भर उन्हात दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर उठून या. त्वचेचा जुना विकार किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोंदल्यावर काही महिने रक्तदानही करता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आजीने गोंदून घेतले ते चारचौघांनी पाहावे म्हणून, जन्मभर मिरवावे म्हणून. तुम्हाला जर ते लपवूनच ठेवायचे असेल, तर टोचून घेण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारा: उद्या ते दिवसाढवळ्या दिसले, तर मला चालेल ना? उत्तर 'हो' असेल, तरच सुईपुढे हात करा.